दोन समुद्रांचा कालवा : जलपाश, जलप्रवास आणि श्रेयाचा प्रश्न

१

नदी उतार पाहून वाहते. माणसाला मात्र आपला माल चढावरूनही न्यावा लागतो. डोंगराच्या एका अंगाला उतरणारे पाणी एका समुद्रास मिळते आणि दुसऱ्या अंगाला उतरणारे दुसऱ्या समुद्रास. या दोहोंच्या मधली जी उंचवट्याची रेघ, तिलाच आपण जलविभाजक म्हणतो. ती रेघ नावेला ओलांडता येईल काय, हा प्रश्न मनुष्याने फार प्राचीन काळापासून स्वतःला विचारलेला आहे. दक्षिण फ्रान्समध्ये सतराव्या शतकात या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, त्याचे नाव ‘कनाल दु मिदी’, म्हणजे दक्षिणेचा कालवा. तूलूझ शहराजवळ गारोन नदीपाशी तो सुरू होतो आणि सुमारे २४० किलोमीटरांचा प्रवास करून भूमध्य समुद्राला लागून असलेल्या तो या खाजणात उतरतो. गारोन पुढे बोर्दोवरून अटलांटिक महासागरास मिळते. म्हणून या कालव्याने दोन समुद्र जोडले असे म्हटले जाते, आणि ते अक्षरशः खरे आहे.

हा कालवा खणण्याचा राजाचा हुकूम ऑक्टोबर १६६६ चा. त्याच साली शिवाजीमहाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले होते. कालव्याचा प्रवर्तक पिएर-पॉल रिके १ ऑक्टोबर १६८० रोजी वारला. महाराजांचे निर्वाण त्याच वर्षीच्या एप्रिलमधले. या दोन इतिहासांचा परस्परांशी काही संबंध नाही. काळाचे माप मनात बसावे एवढ्यापुरताच हा उल्लेख आम्ही केला आहे.

या लेखात आम्हांस दोन गोष्टी करावयाच्या आहेत. पहिली, या कालव्यावरून नाव कशी चढते व कशी उतरते ते वाचकांसमोर मांडणे. दुसरी थोडी अवघड आहे. हा कालवा कोणी केला, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला गेल्या तीन शतकांत निरनिराळी उत्तरे मिळत आली आहेत. ती का बदलत गेली, हे पाहणे इतिहास शिकविणाऱ्यांना उपयोगाचे वाटेल, अशी आमची समजूत आहे.

२

अटलांटिक आणि भूमध्य यांना फ्रान्सच्या भूमीतून जोडावे, ही कल्पना रिकेची नव्हे. सोळाव्या शतकात पहिल्या फ्रान्सिस राजाच्या वेळी तिचा विचार झाला होता आणि पुढल्या राजांच्या दरबारीही ती पुनःपुन्हा निघाली. कारण उघड होते. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर माल न्यावयाचा तर सबंध स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडावी लागे. हा फेरा हजारो किलोमीटरांचा. वाटेत वादळे आणि चाचे यांचे भय, आणि सामुद्रधुनीवर शत्रूराष्ट्राची नजर.

अडचण होती ती पाण्याची. कालव्यातून नाव चढवावयाची म्हणजे जलपाश बांधावे लागतात. इंग्रजीत ज्याला ‘लॉक’ म्हणतात त्यास मराठीत जलपाश हा शब्द वापरला जातो, तोच आम्ही येथे योजिला आहे. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी कोठी. खालून आलेली नाव कोठीत शिरली की मागचा दरवाजा लावून घेतात. मग पुढच्या दरवाजातील झडप उघडून वरच्या भागातले पाणी कोठीत सोडतात. कोठी भरत जाते आणि पाण्याबरोबर नावही वर उचलली जाते. दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीला आले म्हणजे पुढचा दरवाजा सहज उघडतो आणि नाव वरच्या पायरीवर जाते. उतरताना हाच क्रम उलटा. दरवाजाच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकींना तिरप्या टेकतात, त्यामुळे पाण्याचा दाब त्यांना उघडू न देता उलट अधिक घट्ट मिटवितो. माणसाच्या अंगच्या बळापेक्षा पाण्याच्या वजनालाच कामाला लावण्याची ही युक्ती आहे.

ही युक्तीही फ्रान्सची नव्हे. चीनमध्ये ९८४ साली च्याओ वेइ-युए या अधिकाऱ्याने महाकालव्यावर दोन दरवाजांमध्ये नाव धरून ठेवण्याची व्यवस्था केली होती. इटलीत मिलानच्या कालव्यांवर पंधराव्या शतकात जलपाश होते, आणि तिरप्या फळ्यांच्या दरवाजांशी लिओनार्दो द व्हिंचीचे नाव निगडित आहे. खुद्द फ्रान्समध्ये लुआर व सेन या नद्यांची खोरी जोडणारा ब्रिआरचा कालवा १६४२ मध्ये सुरू झाला होता. तेव्हा जलपाश कसा बांधावा हे ठाऊक होते. परंतु प्रत्येक नाव जलविभाजक ओलांडताना वरून कोठीभर पाणी खाली सोडते. माथ्यावर नदी नाही, तळे नाही. मग हे पाणी दररोज आणावयाचे कोठून? या एका प्रश्नापाशी सर्व योजना थबकत होत्या.

३

रिके हा स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हता. बेझिए गावी सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेला हा मनुष्य लांगदोक प्रांतात मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता चालवीत असे. या कराला ‘गाबेल’ म्हणत, आणि तो लोकांच्या किती डोळ्यांत सलत असेल हे १९३० चा मिठाचा सत्याग्रह माहीत असलेल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. वसुलीच्या निमित्ताने तो प्रांतभर फिरे. तूलूझच्या पूर्वेस ‘काळा पर्वत’ म्हणून ओळखली जाणारी डोंगररांग आहे. तेथे पाऊस भरपूर पडतो आणि ओढे बारमाही असतात. हे ओढे आडव्या पाटाने वळवून नोरूझच्या खिंडीत, म्हणजे बरोबर जलविभाजकावर, आणून सोडले तर कालव्याला माथ्यावरच पाणी मिळेल आणि तेथून ते दोन्ही समुद्रांकडे वाटता येईल, ही रिकेच्या योजनेतील मुख्य कल्पना. १५ नोव्हेंबर १६६२ रोजी त्याने चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोलबेर यास पत्र लिहून ती कळविली.

त्या पत्रव्यवहारात रिके स्वतःविषयी म्हणतो की आपण ग्रीक जाणत नाही, लॅटिन जाणत नाही आणि फ्रेंचही जेमतेमच बोलतो. यात विनयाचा भाग असेल, पण खरेपणाही आहे. लांगदोकची बोली ऑक्सितान. ‘लांग-द-ओक’ या प्रांतनामातच त्या भाषेचे नाव आहे. १५३९ च्या राजाज्ञेने न्यायाचे व कारभाराचे कागद फ्रेंचमध्ये लिहिले जाऊ लागले होते. शेतात, बाजारात आणि बांधावर मात्र ऑक्सितानच चालत असे. म्हणजे या कालव्याच्या कामाची भाषा एक आणि त्याच्या कागदांची भाषा दुसरी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. प्रस्तुत विषयात ती पुढे फार महत्त्वाची ठरते.

सरकारी आयोगाने योजनेची पाहणी केली, पण शंका फिटेना. तेव्हा रिकेने १६६५ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक लहानसा चाचणीचा पाट खणवून डोंगराचे पाणी नोरूझपर्यंत आणून दाखविले. जमिनीचा उतार इतका सूक्ष्म होता की हात-दोन हातांची चूक सर्व श्रम वाया घालविती. रेव्हेल गावचा पिएर कांपमास नावाचा पाणक्या, म्हणजे गावचे झरे व नळ सांभाळणारा मनुष्य, या कामी रिकेला साहाय्य करीत होता. पाणी पोचले, आणि पुढल्याच वर्षी राजाज्ञा निघाली. कालवा, त्याचे काठ आणि त्यावरील जकात रिके व त्याचे वंशज यांना वतनादाखल मिळाली. खर्चाचा वाटा राजा, प्रांताची सभा आणि रिके या तिघांनी उचलावयाचा होता.

४

आता आपण तूलूझहून नावेत बसावे आणि कालव्याच्या बांधणीचा इतिहास त्याच्या पाण्यावरूनच पाहावा.

तूलूझपासून नोरूझपर्यंत नाव सुमारे सत्तावन्न मीटर चढते. वाटेतील जलपाशांच्या कोठ्या पाहणाऱ्याच्या मनात पहिलाच प्रश्न येतो, तो त्यांच्या आकाराविषयी. सामान्यतः जलपाशाची कोठी लांबट चौकोनी असते; येथे ती मध्ये फुगलेली, अंडाकृती आहे. कारण असे, की सुरुवातीला बांधलेल्या सरळ भिंती मागच्या ओल्या मातीच्या रेट्याने ढासळल्या. मग भिंती बाहेरच्या बाजूला वक्र करण्यात आल्या. आडवी घातलेली कमानच ती. माती जितकी रेटील तितके दगड एकमेकांत रुततात. कोठीची लांबी सुमारे तीस मीटर. दरवाजापाशी रुंदी सहा मीटर आणि मध्यभागी अकरा. अशा कोठीला पाणी अधिक लागते, पण ती टिकते. आज साडेतीन शतके होत आली तरी त्या आकाराच्या कोठ्यांतून नावा चढ-उतर करीत आहेत.

नोरूझ समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर उंच आहे. येथे डोंगराचे पाणी कालव्यात येऊन मिळते आणि दुभागते; काही अटलांटिककडे जाते, काही भूमध्याकडे. हे पाणी आणणारे पाट साठ किलोमीटरांहून अधिक लांबीचे आहेत. उन्हाळ्यासाठी पाणी राखून ठेवण्याकरिता सँ-फेरेओल येथे लोदो नावाच्या ओढ्यावर धरण बांधले. त्याचा पहिला दगड १६६७ च्या एप्रिलमध्ये बसला. दगडी भिंती आणि मधली मातीची भर मिळून हे धरण सुमारे ७८० मीटर लांब व तीस मीटरांहून उंच असून त्यात साठ लाख घनमीटरांवर पाणी मावते. त्या काळच्या युरोपात एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल. ही माती डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहिली गेली, आणि त्या टोपल्या वाहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती.

काम ऐन भरात असताना सुमारे बारा हजार माणसे कालव्यावर राबत होती. सुगीच्या दिवसांत मजूर शेतांकडे पळत, म्हणून रिकेने त्यांना महिन्याला दहा लिव्र असा ठरीव पगार देऊ केला. पावसाचे दिवस, रविवार, सण आणि आजारपण यांचे पैसे कापले जात नसत. त्या काळी ही गोष्ट असामान्य होती. परंतु याच रिकेच्या मक्त्याखाली रूसियॉं प्रांतात १६६१ पासून मिठाचा कर लागू झाला. तेथल्या डोंगरी लोकांनी त्याविरुद्ध हत्यार उपसले, आणि ते बंड कित्येक वर्षे धुमसत राहिले. कालव्यावर मजुरांचा कनवाळू धनी म्हणून वाखाणलेला आणि पिरेनीज पर्वतात कर वसूल करणारा म्हणून शापिलेला मनुष्य एकच होता. या दोन्ही गोष्टी इतिहासकाराने जवळजवळ ठेवूनच सांगितल्या पाहिजेत. कालव्याच्या पायाच्या दगडांत मिठाचा पैसा आहे.

नोरूझहून पुढे कास्तेलनोदारीचा विस्तीर्ण जलाशय लागतो, मग कार्कासोन. या शहराने आपल्या वाट्याची रक्कम देण्याचे नाकारले, म्हणून कालवा त्याला सुमारे दोन किलोमीटर दूर ठेवून गेला. आपण काय गमावले हे कळावयास शहराला शतकाहून अधिक काळ लागला. शेवटी १८१० मध्ये खर्च सोसून कालवा शहरापाशी वळवून घ्यावा लागला. आणखी पुढे गेल्यावर रेप्युद्र ओढा येतो. येथे १६७६ साली एक चमत्कारिक पूल बांधला गेला : खालून ओढा वाहतो आणि वरून कालवा. नाव नदीवरून पुलाने जाते ही गोष्ट तेव्हा लोकांना अपूर्व वाटली असल्यास नवल नाही. मात्र असे पूल रिकेने थोडेच बांधले. बहुतेक ओढे त्याने सरळ कालव्यात घेतले होते आणि पुराबरोबर त्यांचा गाळही कालव्यात येई. १६८६ साली प्रसिद्ध दुर्गरचनाकार वोबाँ याने कालव्याची पाहणी करून हा दोष दाखविला. त्यानंतरच्या काही वर्षांत अभियंता निके याने ओढ्यांसाठी कालव्याखालून मोऱ्या काढल्या आणि सेस व ऑर्बिएल या नद्यांवर जलसेतू उभारले. कालवा रिकेच्या कल्पनेने निघाला हे खरे. परंतु तो टिकला याचे श्रेय बऱ्याच अंशी या दुरुस्तीला आहे.

५

आर्जांच्या जलपाशानंतर चोपन्न किलोमीटरांच्या आसपास एकही जलपाश नाही. नाव सपाट पाण्यावरून डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत जाते. मग अकस्मात आँसेरूनची टेकडी आडवी येते. माती भुसभुशीत, खाली वाळूचा दगड. बोगदा कोसळेल अशी विरोधकांची खात्री होती आणि खुद्द कोलबेरच्या मनातही संशय शिरला होता. १६७९-८० मध्ये रिकेने मालपाचा बोगदा खणून काढला. लांबी सुमारे १६५ मीटर. जलवाहतुकीसाठी खणलेला युरोपातील हा पहिला बोगदा समजला जातो.

येथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण आम्हांस ती महत्त्वाची वाटते. याच टेकडीच्या पोटात, रिकेच्या बोगद्याच्या खाली, दुसरा एक जुना बोगदा आहे. शेजारचे मोंतादीचे तळे दलदलीचे होते. तेराव्या शतकाच्या मध्यास त्या भागातील लोकांनी त्याचे पाणी टेकडीखालून काढून देऊन ती जमीन लागवडीस आणली. चक्राच्या आऱ्यांप्रमाणे मध्याकडे जाणारे त्याचे चर आजही टेकडीवरून दिसतात. म्हणजे ही टेकडी पोखरता येते, हे ज्ञान त्या भूमीत चार शतकांपासून होते. ग्रंथात नव्हते, पण हातांत होते.

बोगदा संपला की बेझिए, आणि बेझिएच्या वेशीवर फोंसेरानचा जलसोपान. एकामागून एक जोडलेल्या आठ कोठ्या. एकीचा खालचा दरवाजा तोच दुसरीचा वरचा. सुमारे तीनशे मीटर अंतरात नाव साडेएकवीस मीटर खाली येते. दूरून पाहणाऱ्याला टेकडीवरून नावा पायऱ्या उतरत आहेत असाच भास होतो. हे काम मेदाई नावाच्या दोन भावांनी मक्त्याने घेतले होते आणि ते दोघेही निरक्षर होते असे सांगतात. आठ अंडाकृती कोठ्या, एकीचे पाणी दुसरीस पुरेल असा मेळ, आणि हे करणाऱ्यांना अक्षरओळख नाही! पुढे कालवा ऑर्ब नदीत उतरून तिच्यातूनच पलीकडे जात असे. नदीला पूर आला किंवा पाणी आटले की नावा अडकून पडत. १८५८ मध्ये तेथे जलसेतू झाला तेव्हा ही अडचण संपली. आग्द येथे गोल कोठीचा जलपाश आहे. त्याला तीन बाजूंना तीन दरवाजे असल्याने नाव कोठीतच वळून हव्या त्या पाण्यात जाऊ शके. तेथून तो खाजण आणि त्यापलीकडे सेत हे बंदर, जे या कालव्याबरोबरच १६६६ पासून उभारले गेले.

कालव्याचे पाणी खाजणाला मिळावयास जेमतेम कोसभर काम उरले असताना रिके वारला. त्याच्या नावावर वीस लाख लिव्रांवर कर्ज होते. मुलांनी काम पुरे केले. १५ मे १६८१ रोजी तूलूझहून समारंभपूर्वक नावांचा ताफा निघाला. कास्तेलनोदारी येथे कार्डिनल बॉंझी याने जलाशयाला आशीर्वाद दिला, आणि मानकऱ्यांच्या मागून बोकेरच्या जत्रेसाठी माल भरलेल्या नावा चालत होत्या. रिकेच्या वंशजांना या वतनातून नफा दिसावयास १७२४ साल उजाडावे लागले.

६

या कालव्यावरील जलप्रवास कसा असे? उतारूंसाठी टपालाची नाव होती. काठावरून घोडे ती ओढीत. तूलूझ ते आग्द हा प्रवास चार दिवसांचा. दुपारचे जेवण कोठे आणि रात्रीचा मुक्काम कोठे, हे ठरलेले असे. त्या त्या ठिकाणी खाणावळी, तबेले आणि लहानशी प्रार्थनामंदिरे उभी राहिली. सोमाय हे असेच एक मुक्कामाचे गाव. जेथे अनेक कोठ्यांचा जलपाश येई तेथे उतारू खाली उतरत, काठाने चालत जात आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या नावेत बसत. अशाने त्यांचा वेळ वाचे आणि कालव्याचे पाणीही.

१७८७ च्या मे महिन्यात या कालव्यावरून एक लक्षणीय प्रवासी गेला. अमेरिकेचा फ्रान्समधील वकील आणि पुढे त्या देशाचा अध्यक्ष झालेला टॉमस जेफरसन. त्याने आपल्या घोडागाडीची चाके काढून ती नावेवर चढविली आणि तिच्या काचांतून दोन्ही काठ पाहत भूमध्याकडून तूलूझपर्यंत प्रवास केला. कालव्याचे पाणी येते कोठून हे पाहण्यासाठी तो वाट वाकडी करून सँ-फेरेओलपर्यंतही जाऊन आला. स्वदेशी कालवे काढण्याचे विचार चालू असल्यामुळे त्याची दृष्टी अभ्यासकाची होती. जलपाशाची झडप उघडण्यास किती वेळ लागतो हे त्याने घड्याळ लावून पाहिले आणि ती अधिक लवकर कशी उघडता येईल याची सूचना केली. त्याच्या टिपणांत आणखी एक निरीक्षण आहे. बहुतेक जलपाश स्त्रिया सांभाळतात, पण ते काम त्यांच्या शक्तीबाहेरचे आहे, असे तो लिहितो. कष्टाचा विचार त्याने केला. परंतु ज्या स्त्रियांना तो दरवाजे फिरविताना पाहत होता, त्यांच्या पणज्यांनी त्या जलपाशांची माती वाहिली होती, हे त्याला कोणी सांगितले नसावे.

त्याच वर्षी इंग्रज शेतकीतज्ज्ञ आर्थर यंग बेझिएला आला. जलसोपान पाहून तो भारावला आणि चौदावा लुई खरोखर थोर ठरतो तो येथे, लढायांत नव्हे, अशा अर्थाचे उद्गार त्याने लिहून ठेवले. हे उद्गार उदार आहेत. पण श्रेय कोणाच्या पदरात पडले पाहा : राजाच्या.

७

येथे आम्ही आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे येतो. कालवा कोणी केला?

पहिले उत्तर राजाचे. कालव्याचे मूळ नाव ‘लांगदोकमधील राजकालवा’ असे होते. १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली, राजाचे नाव गळाले आणि तो ‘दक्षिणेचा कालवा’ झाला. दुसरे उत्तर रिकेचे. एका बुद्धिमान, हट्टी मनुष्याने सर्वस्व पणाला लावून दोन समुद्र जोडले आणि यश पाहण्यापूर्वी तो वारला, ही कथा कोणाच्याही मनाला भिडणारी आहे. एकोणिसाव्या शतकात ती रूढ झाली. नोरूझला १८२५ ते १८२७ या काळात रिकेच्या वंशजांनी स्मारकस्तंभ उभारला आणि बेझिएमध्ये १८३८ साली त्याचा पुतळा बसला.

परंतु मध्यंतरी तिसरे उत्तर पुढे आले होते. रिकेबरोबर मोजणीचे व नकाशांचे काम करणारा फ्रांस्वा आंद्रेओसी नावाचा एक तज्ज्ञ होता. त्याने १६६९ मध्ये कालव्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याचा वंशज जनरल आंद्रेओसी याने १८०० साली कालव्याचा इतिहास लिहून असे प्रतिपादन केले की खरी योजना आपल्या पूर्वजाची. रिके केवळ पैसा पुरविणारा. रिकेच्या वंशजांनी १८०५ मध्ये आपला इतिहास छापून त्याला उत्तर दिले. हा वाद वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही पक्ष हे गृहीत धरूनच चालले आहेत की एवढ्या मोठ्या कामाचा कर्ता कोणीतरी एकच पुरुष असला पाहिजे, आणि तो कागदावर सही करू शकणारा असला पाहिजे.

चौथे उत्तर आपल्या काळातले आहे. चंद्रा मुखर्जी या अमेरिकी विदुषीने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तूलूझ येथे जतन झालेल्या कालव्याच्या दप्तराचा आधार घेऊन असे दाखविले की हे काम कोणा एकट्याच्या बुद्धीचे नाही. राजाचे अधिकारी, नकाशाकार, गवंडी, गावोगावचे पाणके आणि विशेषतः पिरेनीजच्या डोंगरांतून मजुरीस आलेल्या शेतकरी स्त्रिया, या सर्वांचे ज्ञान त्यात मिसळले आहे. डोंगरी गावांत झऱ्याचे पाणी उताराने फिरवून घरोघर व शेतोशेत नेण्याची जुनी रीत होती, आणि ती रोमन काळापासून चालत आली असावी, असे त्यांचे म्हणणे. या स्त्रिया जमिनीचा चढउतार डोळ्याने ओळखीत. बाईंच्या प्रत्येक अनुमानाशी सर्वांचे एकमत होईलच असे नाही. रोमन परंपरेचा धागा पुराव्याने सलग दाखविणे कठीण आहे, हे आम्हांसही वाटते. तथापि मोंतादीचा बोगदा, रेव्हेलचा पाणक्या आणि निरक्षर मेदाई बंधू यांचा अर्थ या चौथ्या उत्तराखेरीज नीट लागत नाही.

मग ही माणसे तीन शतके इतिहासाबाहेर का राहिली? आमच्या मते त्याचे एक कारण भाषेत आहे. दप्तर फ्रेंच होते आणि ज्ञान ऑक्सितान. पाणक्याने जे बोलून दाखविले ते कारकुनाने दुसऱ्या भाषेत लिहिले. लिहिताना मजुरांची संख्या आली, मजुरी आली, मापे आली, परंतु सुचविणाऱ्याचे नाव बहुधा आले नाही. जे लिहिले गेले त्यालाच पुढे पुरावा म्हणू लागले. दप्तराची भाषा आणि घरची भाषा वेगळी असणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्या मराठी भाषकांना पिढ्यानपिढ्या आहे, त्यांना हा मुद्दा अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

८

रेल्वेने या कालव्याचे वैभव संपविले. बोर्दो ते सेत हा लोहमार्ग १८५७ मध्ये पुरा झाला, आणि १८५८ पासून चाळीस वर्षे कालवा त्याच रेल्वे कंपनीच्या ताब्यात खंडाने राहिला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या व्यापाराचे जे होते तेच झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहतूक थांबली. आता तेथे हौशी प्रवाशांच्या नावा फिरतात. १९९६ साली युनेस्कोने कालव्याची गणना जागतिक वारशात केली. काठावरचे हजारो प्लेन वृक्ष, जे मुख्यतः एकोणिसाव्या शतकात लावलेले आहेत, २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने मरू लागले. ते तोडून त्यांच्या जागी निराळ्या जातींची रोपे लावण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

जलपाशांची विद्या पुढे आपल्या देशातही आली. गंगेच्या कालव्याचा कर्ता कॉटली याने काम चालू असताना इटलीचे कालवे जाऊन पाहिले होते. १८५४ मध्ये सुरू झालेल्या त्या कालव्यावर नावांसाठी जलपाश होते, आणि रुडकीजवळ सोलानी नदीवरून कालवा जलसेतूने जातो. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी समुद्रास मिळण्यापूर्वी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वर येथे आर्थर कॉटनने घातलेल्या बंधाऱ्यापाशी अडविली गेली. १८५२ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांवरही जलपाश बसविले गेले आणि त्यांतून नावांची दाट वर्दळ चाले. या कामांची नावे आपण कॉटली आणि कॉटन म्हणूनच शिकतो आणि शिकवितो.

ती नावे पुसावीत असे आम्ही म्हणत नाही. रिके नसता तर काळ्या पर्वताचे पाणी नोरूझला आले नसते, हेही तितकेच खरे. परंतु खानदेशात पांझरा व मोसम या नद्यांवर बंधारे घालून फडपद्धतीने पाणी वाटून घेणारे शेतकरी, किंवा औरंगाबादला डोंगरातील पाणी भूमिगत नळांनी आणणारे मलिक अंबरच्या वेळचे कारागीर, यांपैकी कितीजणांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत? बंधाऱ्याची उंची, पाटाचा उतार, पाणी सोडण्याची पाळी या बाबतींतील शब्द मात्र गावोगावच्या बोलीत अद्याप काही प्रमाणात शिल्लक आहेत. पाटकरी, चर, बारा, फड हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडून टिपून घेणे हे भाषेचे काम आहे तसेच इतिहासाचेही. जेथे दप्तर मुके आहे तेथे शब्द बोलतात. आपल्या परिषदांनी आणि शाळांतील शिक्षकांनी हे काम हाती घेतले, तर उद्याच्या इतिहासकाराला निदान ‘कालवा कोणी केला’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एका नावाहून अधिक काहीतरी हाती लागेल.